लॅबिरिन्थ (बोर्ड गेम): सत्तापालट एका पत्त्यात, निस्तरणं उरलेल्या सगळ्यांत

ज्यांना बोर्ड गेम म्हणजे पाऊण तासाचा टाइमपास हवाय त्यांनी हा रिव्ह्यू सोडून दिला तरी चालेल, कारण 'लॅबिरिन्थ: द वॉर ऑन टेरर, २००१–?' शिकायलाच एक अख्खी संध्याकाळ जाते आणि नंतरही रूलबुक हाताशी ठेवावंच लागतं. पण ९/११ नंतर अमेरिकेने अफगाणिस्तान, इराकमध्ये जे काही केलं त्याने मुस्लिम देशांशी असलेले तिचे संबंध नेमके कसे बिघडले, कुठे बिघडले, आणि एका देशात घुसल्यावर तिसऱ्याच देशातला मित्र का दुरावतो, हे ज्यांना समजून घ्यायचंय त्यांच्यासाठी हा गेम म्हणजे खजिना आहे. दोषांसकट.

गेम २०१० चा, जीएमटी गेम्सचा. डिझायनर व्होल्को रुन्के, जो स्वतः सीआयएमध्ये अॅनालिस्ट होता. हे माहीत असलं की गेम खेळताना बऱ्याच गोष्टींचा उलगडा होतो, चांगल्या अर्थाने पण आणि वाईट अर्थाने पण. दोन खेळाडू, एक अमेरिका, दुसरा जिहादी. एकट्यानेही खेळता येतो, मग जिहादी बाजू एका फ्लोचार्टवर चालते. पत्ते १२०. प्रत्येक पत्त्यावर १ ते ३ आकडा (त्याने किती मोठी चाल करता येईल ते ठरतं) आणि एक घटना. गंमत अशी की तुमच्या हातात समोरच्याच्या फायद्याची घटना आली आणि तुम्ही तो पत्ता आकड्यासाठी वापरला तरी घटना घडतेच. म्हणजे अमेरिका खेळताना हातातले निम्मे पत्ते आपल्यालाच चावणारे असतात आणि ते कधी खेळायचे याचंच टेन्शन.

आता मुद्द्याचं. बोर्डावर मोरोक्कोपासून इंडोनेशियापर्यंत मुस्लिम देश आहेत आणि प्रत्येकाला दोन गोष्टी चिकटलेल्या आहेत. एक गव्हर्नन्स: गुड, फेअर, पुअर आणि चौथी इस्लामिस्ट रूल. दुसरी अलाइनमेंट: अॅलाय, न्यूट्रल, अॅडव्हर्सरी. म्हणजे कारभार कसा आहे आणि अमेरिकेशी कसं जमतं, हे दोन वेगवेगळे मामले आहेत. इथेच डिझायनरला पहिला सलाम, कारण टीव्हीवरच्या चर्चेत हे दोन्ही कायम एकात कालवलेलं असतं, जो आपला मित्र तो चांगला आणि जो नाही तो हुकूमशहा. गेममध्ये सौदी सुरुवातीला पुअर आहे आणि तरी अॅलाय आहे. सीरिया फेअर आहे आणि अॅडव्हर्सरी आहे. बसा आता डोकं खाजवत.

पहिला सिनारिओ २००१ चा. अफगाणिस्तान इस्लामिस्ट रूलमध्ये, तालिबान सत्तेत. अमेरिकेकडे एकूण १५ लाकडी ठोकळे, म्हणजे फौज. त्यातले २ सौदीत, २ आखाती देशांत, उरलेले ११ ट्रॅकवर, म्हणजे राखीव. रेजीम चेंज, म्हणजे फौज घालून सत्तापालट, करायचा असेल तर धोरण 'हार्ड' हवं (हार्ड म्हणजे लष्करी बडग्याचं, सॉफ्ट म्हणजे सबुरीचं), ३ आकड्याचा एक पत्ता टाकायचा आणि ६ ठोकळे त्या देशात नेऊन ठेवायचे. झालं. काबूल पडलं, देश लगेच अॅलाय झाला. दुसऱ्या बाजूला बसलेला माणूस काही करूच शकत नाही, बघत बसतो. पहिल्यांदा खेळणारा प्रत्येक जण इथे खूश होतो, आणि खऱ्या जगातही तसंच झालं होतं की, ७ ऑक्टोबर २००१ ला बॉम्बफेक सुरू झाली आणि नोव्हेंबरच्या मध्यात काबूल हातात होतं.

मग नियम सांगतो, आता प्रेस्टिजचा, म्हणजे जगातल्या तुमच्या पतीचा, फासा टाका. सुरुवातीला प्रेस्टिज ७ असते, म्हणजे 'हाय'. फासा १ ते ४ आला तर प्रेस्टिज घटते, ५-६ आला तर वाढते. किती, ते आणखी दोन फासे टाकून त्यातला लहान आकडा घ्यायचा. म्हणजे युद्ध जिंकल्यावर तीनपैकी दोन वेळा तुमची पत उतरते! युद्ध हरल्यावर नव्हे, जिंकल्यावर. हा नियम वाचून माझा गेमिंग पार्टनर वैतागला, "अरे मी जिंकलो ना, मग मला दंड कशाचा?" त्याला म्हटलं थांब जरा, इंडोनेशियाची पाळी येऊ दे.

कारण प्रेस्टिज हा नुसता शोभेचा आकडा नाहीये. लष्कराशिवाय संबंध सुधारायचे असतील तर एकच रस्ता, 'वॉर ऑफ आयडियाज'. देशाचा कारभार जितका वाईट तितका मोठा पत्ता लागतो, मग फासा टाकायचा आणि ५ किंवा जास्त आलं तर न्यूट्रल देश अॅलाय होतो, अॅलाय असेल तर त्याचा कारभार एक पायरी सुधारतो. ४ आलं तर निदान मदतीचा मार्कर ठेवता येतो, जो पुढच्या वेळी +१ देतो. आता या फाशावर प्रेस्टिजचा परिणाम होतो, पत कमी असली की उणे, खूप चांगली असली की अधिक. शिवाय उरलेलं जग हार्ड आहे का सॉफ्ट आणि तुम्ही त्याच्याशी किती फटकून वागताय याची वेगळी वजाबाकी, ती पार उणे ३ पर्यंत जाते. म्हणजे फौज उतरवली अफगाणिस्तानात आणि फटका बसतो इंडोनेशियात, मोरोक्कोत, जॉर्डनमध्ये, जिथे तुम्ही बंदूकच काय साधं पाऊलही टाकलेलं नाही.

हे फक्त गेममधलं गणित नाही. प्यू रिसर्च या अमेरिकन संस्थेचे जनमताचे सर्व्हे काढून बघा. इंडोनेशियात २००० च्या आसपास ७५ टक्के लोकांचं अमेरिकेबद्दल मत चांगलं होतं, २००२ मध्ये ६१, आणि इराक युद्धानंतर २००३ मध्ये १५. पंधरा! बगदादपासून हजारो किलोमीटर लांब, अरबी न बोलणारा, जगातला सगळ्यात जास्त मुस्लिम लोकसंख्येचा देश. जॉर्डन तर अमेरिकेच्या मदतीवर चालणारा, राजा अमेरिकेचा पक्का दोस्त, तिथे आकडा २५ वरून १ टक्क्यावर आला. सरकार अॅलाय आणि जनता १ टक्का. गेममध्ये हा फरक दाखवायला जागाच नाहीये, त्यावर पुढे बोलतो.

इंडोनेशियाचंच पुढे सांगतो कारण मला ते फार इंटरेस्टिंग वाटतं. गेमच्या चार सिनारिओंपैकी २००३ वाल्याचं नाव 'मिशन अकम्प्लिश्ड?' आहे, प्रश्नचिन्हासकट. १ मे २००३ ला बुश यूएसएस अब्राहम लिंकन या विमानवाहू जहाजावर उतरले आणि मागे 'मिशन अकम्प्लिश्ड' (मोहीम फत्ते) असा तो फेमस बॅनर लटकत होता, त्याच्यावरून. आता तेच जहाज, अगदी तेच अब्राहम लिंकन, डिसेंबर २००४ च्या त्सुनामीनंतर इंडोनेशियातल्या आचे प्रांताच्या किनाऱ्याजवळ उभं होतं, त्याच्यावरून हेलिकॉप्टरं पाणी आणि खाण्याचे खोके घेऊन वाहून गेलेल्या गावांत उतरत होती. २००५ च्या प्यू सर्व्हेत इंडोनेशियातला आकडा ३८ वर गेला. जहाज तेच, नौदल तेच, राष्ट्राध्यक्ष तोच. लष्कर परदेशात दिसलं की लोक चिडतातच असं नाही, ते तिथे कशाला आलंय आणि कधी जाणार हे लोकांना बरोबर कळतं. बोर्डावर मी इंडोनेशियावर मदतीचा मार्कर ठेवतो तेव्हा मला ते खोकेच दिसतात.

पण परत गेमकडे. काबूलनंतर तुमचे ६ ठोकळे तिथे अडकले. अडकले म्हणजे नियमानेच अडकले, तिथे जिहादी सेल (छुप्या टोळ्या) जितके असतील त्यापेक्षा निदान ५ जास्त फौज ठेवल्याशिवाय उरलेली हलवता येत नाही, आणि कारभार 'गुड' होईपर्यंत तो रेजीम चेंजचा मार्कर निघत नाही. ट्रॅकवर उरले ५. म्हणजे तुम्ही 'लो इंटेन्सिटी'तून 'वॉर'मध्ये गेलात, दर फेरीला ९ ऐवजी ८ पत्ते. आता समजा 'इराकी डब्ल्यूएमडी' (सामूहिक संहाराची अस्त्रं) हा पत्ता आला. तो इराकमध्ये रेजीम चेंज करू देतो, इराक इस्लामिस्ट रूलमध्ये नसतानाही. मोह होतोच. पण ६ ठोकळे लागणार आणि ट्रॅकवर ५ आहेत, मग आखातातून किंवा सौदीतून एक ओढायचा, ट्रॅक रिकामा, 'ओव्हरस्ट्रेच', पत्ते ७. आणि परत तो प्रेस्टिजचा फासा. इथे बहुतेक गेम हातातून निसटतात. दोन देश जिंकलेले, दोन्ही पुअर, दोन्हीकडे सेल वाढतायत, आणि हातात पत्तेच नाहीत की कुणाशी काही बोलणी करावीत. सगळा वेळ जिंकलेलं सांभाळण्यात.

त्यात समोरच्याकडे 'अबू घ्रेब' येतो. रेजीम चेंज झालेल्या देशात सेल असतील तर तो चालतो, प्रेस्टिज धाडकन खाली आणि एखादा मुस्लिम मित्रदेश न्यूट्रलकडे सरकतो. एप्रिल २००४ मध्ये इराकमधल्या त्या तुरुंगातले कैद्यांच्या छळाचे फोटो टीव्हीवर आले तेव्हा काय झालं होतं ते आठवा, फोटो इराकमधले होते पण मान खाली घालावी लागली ती कैरोपासून रियाधपर्यंत अमेरिकेशी जमवून घेणाऱ्या प्रत्येक नेत्याला. 'अल जझीरा' म्हणून पण एक पत्ता आहे, सौदीत किंवा आसपास अमेरिकन फौज असली की तिथल्या एका देशाशी संबंध एक पायरी बिघडतात. म्हणजे फौज उभी असणं हेच कारण. बाकी काही करायला नको.

ते सौदीतले दोन ठोकळे बघून मला नेहमी वाटतं की अर्धा इतिहास त्यांच्यातच आहे. १९९० मध्ये सद्दामने कुवेत गिळलं, किंग फहदने अमेरिकेला बोलावलं, १९९१ मध्ये कुवेत मोकळं झालं. तो हस्तक्षेप मुस्लिम देशांना खटकला नाही असं नाही, पण इजिप्त आणि सीरियासुद्धा त्या आघाडीत होते. सीरिया! कारण एका अरब देशाने दुसऱ्या अरब देशावर हल्ला केला होता आणि ज्याच्यावर केला त्यानेच मदत मागितली होती. इथपर्यंत ठीक. पण युद्ध संपलं आणि फौज गेलीच नाही. मक्का-मदिना ज्या देशात आहेत त्या देशात परकी फौज, हा लादेनचा १९९६ च्या घोषणेतला मुख्य मुद्दा होता. शेवटी २००३ मध्ये अमेरिकेने आपला मुख्य तळ सौदीतल्या प्रिन्स सुलतान एअर बेसवरून कतारमधल्या अल उदेदला हलवला, गाजावाजा न करता. गेममध्येही शहाणा अमेरिकन खेळाडू सुरुवातीलाच सौदीतले ठोकळे काढून घेतो, मी तरी घेतोच.

आता तक्रारी. आणि माझी मुख्य तक्रार बारीकसारीक नाहीये.

या टेबलावर खुर्च्या दोनच आहेत. एक वॉशिंग्टनची, दुसरी लादेनची. ज्यांच्या देशात हे सगळं चाललंय त्यांना खुर्चीच नाही, ते म्हणजे बोर्डावरचे खाने, फासा पडेल तसे सरकणार. गेमच्या सुरुवातीला बरेच देश 'अनटेस्टेड' असतात, म्हणजे तिथे कुणीतरी काहीतरी करेपर्यंत त्या देशाला ना कारभार असतो ना मत. मग फासा टाकायचा, १ ते ४ आला तर पुअर, ५-६ आला तर फेअर, आणि अलाइनमेंट न्यूट्रल. तुर्कस्तान असाच अनटेस्टेड असतो. १९५२ पासून नाटोत असलेला देश, तिथल्या इंजिर्लिकच्या तळावर अमेरिकन विमानं, आणि बोर्डावर त्याला चेहराच नाही जोवर आपण बोट ठेवत नाही तोवर. ठीकंय, 'केमालिस्ट रिपब्लिक' नावाचा एक पत्ता आहे जो त्याला फेअर अॅलाय करतो, पण तो कधी येईल न येईल.

आणि खरा तुर्कस्तान काय वागला ते बघा. इराक युद्धासाठी अमेरिकेला उत्तरेकडून आघाडी उघडायची होती, ६२ हजार सैनिक तुर्कस्तानातून जाणार होते, फोर्थ इन्फंट्री डिव्हिजनचं सामान भरलेली जहाजं भूमध्य समुद्रात वाट बघत थांबली होती, अब्जावधी डॉलरच्या मदतीची बोलणी झाली होती. १ मार्च २००३ ला तिथल्या संसदेत मतदान झालं. बाजूने २६४, विरोधात २५०, तटस्थ १९. बाजूने जास्त मतं पडूनही ठराव पडला, कारण हजर असलेल्या सदस्यांचं निम्म्याहून जास्त बहुमत लागत होतं आणि ते तीन मतांनी हुकलं. तीन! जहाजं वळवून कुवेतकडे न्यावी लागली. मग ४ जुलै २००३ ला उत्तर इराकमध्ये सुलेमानियाला अमेरिकन सैनिकांनी ११ तुर्की सैनिकांना पकडलं आणि त्यांच्या डोक्यावर पिशव्या घातल्या. मित्रदेशाचे सैनिक, नाटोतले. तो अपमान तुर्कस्तान अजून विसरलेलं नाही. प्यूच्या सर्व्हेत तिथे अमेरिकेबद्दल चांगलं मत २००२ मध्ये ३० टक्के होतं, २००३ मध्ये १५ आणि २००७ मध्ये ९.

हे सगळं गेममध्ये कुठे बसवणार? संसद 'नाही' म्हणते हे दाखवायला नियमच नाही. गेममध्ये देश अॅलाय असला की तिथे फौज उतरवता येते, संपला विषय. विचारायचं कुणाला?

दुसरं उदाहरण पाकिस्तान, जो गेममध्ये फेअर न्यूट्रल म्हणून सुरू होतो आणि त्याची अण्वस्त्रं ही जिहादी खेळाडूची लॉटरी. पाकिस्तानवर सगळ्यात जास्त पत्ते खर्च होतात, 'मुशर्रफ' आहे, 'बेनझीर भुट्टो' आहे, 'फाटा' (अफगाण सीमेवरचा टोळ्यांचा पट्टा) आहे, 'इंडो-पाकिस्तानी टॉक्स' आहे, खेळायला मजा येते. पण न्यूट्रलचा अॅलाय झाला, अॅलायचा न्यूट्रल झाला एवढंच. खऱ्या पाकिस्तानने एकाच वेळी दोन्ही केलं. नाटोचं सामान कराचीतून खैबरमार्गे जाऊ दिलं, त्याचे पैसे घेतले, आणि तालिबानचे नेते क्वेट्ट्यात बसलेले. मे २०११ मध्ये अबोटाबादला लादेन सापडला तोही लष्करी अकादमीच्या जवळ. आणि त्याच वर्षी २६ नोव्हेंबरला सलाला चौकीवर नाटोच्या हल्ल्यात २४ पाकिस्तानी सैनिक मेले, पाकिस्तानने रस्ता बंद केला, अमेरिका वापरत असलेला शम्सीचा हवाई तळ रिकामा करून घेतला, आणि जुलै २०१२ मध्ये हिलरी क्लिंटननी 'सॉरी' म्हटल्यावरच ट्रक हलले. सात महिने जगातलं सगळ्यात बलाढ्य लष्कर मध्य आशियातून वळसा घालून, जास्त पैसे मोजून सामान नेत होतं. याला तुम्ही अॅलाय म्हणणार, न्यूट्रल म्हणणार का अॅडव्हर्सरी? माझ्या मते पाकिस्तानला स्वतःचा हातभर पत्त्यांचा गठ्ठा आणि तिसरी खुर्ची द्यायला हवी होती.

इराणचं तर विचारूच नका. बोर्डावर तो वेगळाच खाना आहे, नेहमीचे नियम तिथे चालत नाहीत, वॉर ऑफ आयडियाजला तिथे वाव नाही. डिझायनरने हात जोडलेले दिसतात. समजू शकतो. १९५३ मध्ये पंतप्रधान मोसादेगचं निवडून आलेलं सरकार सीआयए आणि ब्रिटिशांनी मिळून उलथवलं, तिथून १९७९ चा अमेरिकन दूतावासाचा ताबा, ओलिसांचे ते ४४४ दिवस, आणि पुढचं सगळं. ओबामांनी २००९ च्या कैरोच्या भाषणात १९५३ मधला अमेरिकेचा हात कबूल केला, तोवर ५६ वर्षं उलटून गेली होती. असा हिशोब कुठल्या ट्रॅकवर मांडणार?

अजून एक गोष्ट खटकते आणि ती डिझाइनपेक्षा जाणिवेची आहे. जिहादी सेल म्हणजे काळे लाकडी गोल तुकडे, आणि ते 'अॅक्टिव्ह' झाले की उलटे करायचे, त्या बाजूला चंद्रकोर आणि चांदणी. आता ही खूण तुर्कस्तानच्या, पाकिस्तानच्या, ट्युनिशियाच्या झेंड्यावर आहे. बॉम्ब लावणाऱ्या टोळीला तीच खूण? एकीकडे नियमांमध्ये इतकं बारकाईने सांगायचं की सगळ्या मुस्लिम देशांना एका मापाने मोजलं की अमेरिका हरते, आणि दुसरीकडे तुकड्यावर हे छापायचं. साधा काळा ठिपका चालला असता.

हे सगळं अमेरिकेच्याच माथी मारायचं असंही नाही, कारण परकी फौज मुस्लिम देशात घुसल्यावर काय होतं याचा धडा अमेरिकेच्या आधी सोव्हिएत युनियनने दिला होता. डिसेंबर १९७९ मध्ये ते अफगाणिस्तानात आले आणि जानेवारी १९८० मध्ये यूएनच्या आमसभेत त्यांच्याविरुद्ध १०४ मतं, बाजूने १८. इस्लामिक देशांच्या संघटनेने इस्लामाबादला तातडीची बैठक घेऊन अफगाणिस्तानचं सदस्यत्वच थांबवलं. तोवर वसाहतवादाविरुद्ध लढणाऱ्यांचा पाठीराखा म्हणून अरब जगात मॉस्कोची जी काही कमाई होती तिला मोठं भगदाड पडलं.

आणि उलटी उदाहरणं पण आहेत जी या गेमच्या चौकटीत येत नाहीत. कोसोव्हो, १९९९. नाटोने ७८ दिवस बॉम्बफेक केली, यूएनची परवानगी नव्हती, तरी आज प्रिस्टिनात बिल क्लिंटनचा पुतळा उभा आहे. बहुसंख्य लोकसंख्या मुस्लिम. कारण बॉम्ब पडत होते ते त्यांना गावांतून हाकलणाऱ्या फौजेवर. म्हणून कुणी सरसकट म्हणतं ना की 'पाश्चात्त्य हस्तक्षेप म्हटला की मुस्लिम चिडतात', तर ते पटत नाही. कोण बोलावतंय, कुणावर बॉम्ब पडतायत आणि नंतर राज्य कोण करणार, याच्यावर सगळं ठरतं. गेममध्ये या तिन्ही गोष्टी त्या एका प्रेस्टिजच्या फाशात कोंबल्यात. फासा म्हणून ठीक आहे, समजावणी म्हणून तोकडा आहे.

इराकमध्ये नेमकं काय चुकलं हेही फासाच ठरवतो, रेजीम चेंजनंतर १ ते ४ आलं तर पुअर, ५-६ आलं तर फेअर. पण इराकचा अमेरिकन प्रशासक पॉल ब्रेमरने मे २००३ मध्ये काढलेले पहिले दोन आदेश हे नशिबाचे फासे नव्हते. पहिल्याने सद्दामच्या बाथ पक्षाची माणसं नोकरीतून बाहेर, दुसऱ्याने अख्खं इराकी लष्कर बरखास्त, लाखो माणसं बंदूक चालवायला शिकलेली आणि पगार बंद. हा निर्णय होता, टेबलावर बसून घेतलेला. खेळाडूला तो निर्णय घ्यायला लावला असता तर गेम कुठल्या कुठे गेला असता.

एक्सपान्शनबद्दल, म्हणजे मूळ गेमला जोडायच्या पुढच्या भागांबद्दल, थोडक्यात. २०१६ मध्ये 'द अवेकनिंग, २०१०–?' आलं, डिझायनर ट्रेव्हर बेंडर. अरब स्प्रिंगवाल्या घटना, जनतेच्या उठावाचे आणि त्याच्या विरोधातल्या प्रतिक्रियेचे मार्कर, यादवी युद्ध, मिलिशिया. माझ्या खुर्चीवाल्या तक्रारीवर हे अर्धं उत्तर आहे, कारण इथे पहिल्यांदाच बोर्डावरच्या देशातली माणसं स्वतः काहीतरी करताना दिसतात. लिबियासाठी तर हे घ्यायलाच हवं. मूळ गेममध्ये 'लिबियन डील' नावाचा पत्ता आहे, गद्दाफीने डिसेंबर २००३ मध्ये अस्त्रांचा कार्यक्रम सोडला त्याच्यावर, अमेरिकेच्या फायद्याचा. गेम छापला २०१० मध्ये, आणि मार्च २०११ मध्ये यूएनच्या १९७३ नंबरच्या ठरावानंतर त्याच गद्दाफीवर विमानं गेली. त्यासाठी अरब लीगने स्वतःच नो-फ्लाय झोन मागितला होता, कतार आणि यूएईची विमानं पण त्यात होती. सुरुवात इतकी छान, आणि ऑक्टोबरमध्ये गद्दाफी मेल्यावर पुढचं बघायला कुणी थांबलंच नाही. सप्टेंबर २०१२ मध्ये बेंगाझीत अमेरिकेचा राजदूत मारला गेला. मूळ गेम फौज अडकल्यावर काय होतं ते उत्तम दाखवतो, फौज न उतरवता नुसतं वरून पाडून निघून गेल्यावर काय होतं त्यासाठी एक्सपान्शन लागतं. तिसरा भाग 'द फॉरएव्हर वॉर, २०१५–?', तो दोन्ही पचल्यावरच घ्या.

माघारीचा नियम मात्र मूळ गेममध्येच आहे आणि तो मला आवडतो. माघार फक्त 'सॉफ्ट' धोरणात घेता येते, आणि हार्डवरून सॉफ्टवर यायला ३ आकड्याचे दोन पत्ते एकदम टाकावे लागतात. म्हणजे चूक झाली हे कळायला एक फेरी आणि ते मान्य करायला अख्खा हात. वर परत प्रेस्टिजचा फासा आहेच, आणि मागे राहिलेल्या सरकारवर 'बिसीज्ड' (वेढ्यात सापडलेलं) मार्कर. अमेरिकेचा तालिबानशी माघारीचा दोहा करार फेब्रुवारी २०२०, काबूल तालिबानच्या हातात १५ ऑगस्ट २०२१. हा नियम त्याच्या अकरा वर्षं आधी छापलेला आहे बरं का.

आता खेळायला म्हणून कसा आहे? जबरदस्त टेन्शन. नशिबाचा भाग जास्त आहे, काही लोकांना ते सहन होत नाही, एका फाशात दोन तासांची मेहनत जाते. रूलबुक नीट लिहिलंय पण अपवाद फार. अमेरिका जिंकते ती चांगला कारभार वाढवून किंवा सगळे सेल संपवून, आणि अनुभवाने सांगतो की बंदुकीच्या जोरावर सेल संपवायला जाणारा क्वचित जिंकतो. जिहादी बाजू खेळायची म्हणून काही जण नाक मुरडतात, त्यांची अडचण मला मान्य आहे, अमेरिकेच्या बाजूने एकट्याने खेळा मग, फ्लोचार्टवाला जिहादी पुरेसा त्रास देतो.

पाचपैकी चार देईन. एक तार्‍याची कपात त्या दोन खुर्च्यांसाठी. पहिल्यांदा खेळताना एकाच डेकचा (पत्त्यांचा गठ्ठा एकदा संपेपर्यंतचा) छोटा गेम लावा, तीन डेकचा कॅम्पेन नंतर. आणि थोडा हात बसला की 'यू कॅन कॉल मी अल' हा सिनारिओ जरूर खेळा, त्यात २००० ची निवडणूक अल गोर जिंकलेत असं धरलंय आणि अमेरिका सॉफ्ट धोरणापासून सुरू होते, म्हणजे ९/११ झालंय, अफगाणिस्तान समोर आहे, आणि रेजीम चेंज करायचा तर आधी धोरण बदलायला तेच दोन मोठे पत्ते खर्च करावे लागतात. आमच्याकडे त्या सिनारिओत काबूलवर फौज कधी पाठवायची यावरच सगळ्यात जास्त भांडणं होतात.